एकट्या नायकाचा मोह

आदित्य धर दिग्दर्शित ‘धुरंधर’ हा चित्रपट डिसेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झाला आणि साडेतीन तासांहून अधिक लांबीचा हा पट पाहण्यासाठी चित्रपटगृहे भरून वाहू लागली. कराचीतील ल्यारी भागातल्या टोळ्यांत शिरलेला भारतीय हेर, कंदाहारचे विमान अपहरण, संसदेवरील हल्ला आणि २६ नोव्हेंबर २००८ ची मुंबई असा त्याचा विस्तार आहे. प्रदर्शनानंतर नेहमीचा वाद झडला. एका बाजूने त्यावर प्रचारपट असा शिक्का मारला, तर दुसऱ्या बाजूने त्या शिक्क्यालाच गुणवत्तेचे प्रमाणपत्र मानले. या दोन्ही भूमिकांत एक सोय आहे. चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या मनात तो नेमके काय ठेवून जातो, या प्रश्नाचे उत्तर दोघांनाही द्यावे लागत नाही.

राष्ट्रीय विचाराच्या समाजाची हिंदी चित्रसृष्टीविषयी एक जुनी तक्रार होती. दहशतवाद्याच्या मनाचे पापुद्रे उलगडून दाखवणाऱ्या कथा निघत. त्याच्या गोळीने उद्ध्वस्त झालेल्या घराकडे मात्र कॅमेरा क्वचितच वळे. ती तक्रार रास्त होती. परंतु ‘उरी’, ‘द कश्मीर फाइल्स’, ‘आर्टिकल ३७०’, ‘छावा’ आणि आता ‘धुरंधर’ एवढे चित्रपट येऊन गेल्यावर तीच तक्रार उगाळत बसण्यात अर्थ उरलेला नाही. ताटात काहीच पडत नव्हते, तोवर चवीची चर्चा अप्रस्तुत होती. आता ताट भरले आहे. तेव्हा त्यात काय वाढले जात आहे, हे डोळसपणे पाहावयास हवे. परक्यांच्या चित्रपटाची चिकित्सा आणि आपल्या चित्रपटाची आरती, ही रीत विचारी समाजाला शोभणारी नाही.

गेल्या वीस वर्षांतील गाजलेली नाट्ये, थरारपट आणि मारधाडपट आज घरबसल्या एकापाठोपाठ एक पाहता येतात. सुट्टीत अनेक कुटुंबे ते पाहतातही. तसे सलग पाहिले, की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. विषय बदलले, तंत्र सुधारले, खलनायकाचा पत्ता बदलला; मात्र मध्यभागी उभी असलेली आकृती तीच राहिली. ती आहे एकट्या नायकाची. व्यवस्था दुबळी किंवा भ्रष्ट असते, समाज बघ्याची भूमिका घेतो आणि एक माणूस उठून सारे निस्तरतो. ही आकृती मनोरंजनापुरती राहिली असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु राष्ट्र कसे टिकते, याविषयीची तरुण मनाची समजूत आज पाठ्यपुस्तकापेक्षा पडद्यावर अधिक घडते. म्हणूनच त्या समजुतीतील खरे-खोटे तपासणे अगत्याचे आहे.

मध्यमवर्गाचा संताप

आरंभ घरच्या माणसापासून करणे बरे. निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ २००५ मध्ये आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बँकेत नोकरी करणारा, रोज त्याच लोकलने जाणारा-येणारा माधव आपटे हा मराठी मध्यमवर्गाच्या अगदी ओळखीचा. संदीप कुलकर्णी यांनी तो असा उभा केला, की प्रेक्षकाला आपल्याच शेजारच्या दारावरची पाटी आठवावी. नियमाने वागणारा हा माणूस रोजच्या अन्यायाने पिचतो आणि एके दिवशी हाती क्रिकेटची बॅट घेऊन रस्त्यावर उतरतो. चित्रपट प्रामाणिक होता, कारण आपटेचा शेवट काय होणार, हे त्याने लपवले नाही. एकट्या माणसाचा संताप कितीही खरा असला, तरी त्याची गाडी पुढच्या स्थानकापर्यंत पोहोचत नाही, हे त्याने दाखवले. प्रेक्षकांनी मात्र शेवट विसरून बॅट लक्षात ठेवली.

तीन वर्षांनी, ५ सप्टेंबर २००८ रोजी, नीरज पांडे यांचा ‘अ वेन्सडे’ आला. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर लोकलगाड्यांत झालेल्या स्फोटमालिकेची पार्श्वभूमी त्याला होती. नसिरुद्दीन शाह यांनी रंगवलेला अनाम सामान्य माणूस पोलीस आयुक्तांना वेठीस धरतो, चार दहशतवाद्यांची सुटका मागतो आणि त्यांपैकी तिघांना स्फोटात उडवून देतो. चौथ्याला पोलिसांनीच संपवावे, अशी व्यवस्था करतो. पावणेदोन तासांचा हा थरारपट बांधणीच्या दृष्टीने आजही आदर्श ठरावा. एकही गाणे नाही, एकही दृश्य फुकट नाही. त्याच्या टाळ्या मात्र कोठे पडल्या, हे आठवून पाहावे. न्यायालय, पुरावा, तपास यांना वळसा घालून न्याय उरकला गेला, त्या क्षणी त्या पडल्या.

तिसरा माणूस गोव्यातला. मूळ मल्याळी ‘दृश्यम’ २०१३ मध्ये जीतू जोसेफ यांनी केला. त्याचा हिंदी अवतार २०१५ मध्ये पुन्हा निशिकांत कामत यांनीच दिग्दर्शित केला. केबलचा व्यवसाय करणारा, चौथी शिकलेला विजय साळगावकर आपल्या कुटुंबाला वाचवण्यासाठी एक असत्य इतक्या चिकाटीने रचतो, की साऱ्या गावाला तेच सत्य वाटू लागते. या चित्रपटाइतका सहकुटुंब पाहिला गेलेला थरारपट अलीकडच्या काळात विरळाच. कुटुंबवत्सल बाप, भाबडी आई आणि अंगावर आलेले संकट पाहून प्रेक्षक नकळत त्यांच्या बाजूला जातो. गायतोंडे नावाचा उर्मट पोलीस लहान मुलीवर हात उगारतो, तेव्हा तर कायद्याविषयीची उरलीसुरली सहानुभूतीही संपते. मुलांना खरे बोलण्याचे संस्कार देणारी घरे मुलांना शेजारी बसवून एका बिनचूक असत्याला दाद देतात, याची नोंद क्वचितच कोणी घेतली असेल.

आपटे, तो अनाम माणूस आणि साळगावकर हे तिघे सज्जन आहेत, तिघे कायदा पाळणारे आहेत आणि तिघांचाही शेजाऱ्यावर, पोलिसावर, न्यायालयावर, किंबहुना समाज नावाच्या वस्तूवरच विश्वास उरलेला नाही. चित्रपटाने त्यांना एकटे पाडले आणि मग एकटेपणाचेच कौतुक केले.

दोन तुकाराम

‘अ वेन्सडे’च्या केवळ दोन आठवडे आधी, २२ ऑगस्ट २००८ रोजी, त्याच लोकल स्फोटांवरचा दुसरा चित्रपट प्रदर्शित झाला होता. ‘मुंबई मेरी जान’ हे त्याचे नाव; दिग्दर्शक पुन्हा निशिकांत कामत. त्यात कोणी एक नायक नव्हता. स्फोटानंतर लोकलचे पायदान चढताना पाय कापणारा उच्चशिक्षित तरुण, दुसऱ्याच्या दुःखाची बातमी करता करता स्वतःच बातमी होणारी पत्रकार, संशयाने पछाडलेला एक तरुण आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा असलेला हवालदार तुकाराम पाटील अशी साधी माणसे होती. परेश रावल यांनी उभा केलेला हा तुकाराम आयुष्यभरच्या नोकरीचा हिशेब मांडतो, तेव्हा हाती फारसे काही लागत नाही. तरीही तो आपल्या तरुण सहकाऱ्याला सावरतो, पेटलेल्या माणसाला शांत करतो आणि वर्दी उतरवतो. शेवटी सारे शहर दोन मिनिटे स्तब्ध उभे राहते. या चित्रपटाला जाणकारांनी वाखाणले; टाळ्या मात्र ‘अ वेन्सडे’ घेऊन गेला.

त्यानंतर तीन महिने उलटले आणि नियतीने दुसरा तुकाराम समोर आणला. सैन्यात सेवा करून पोलीस दलात आलेले, सातारा जिल्ह्यातील सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीत उभे होते. हाती लाठी होती. अजमल कसाबच्या एके-४७ ची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि पकड सोडली नाही. सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. राम गोपाल वर्मा यांच्या २०१३ मधील ‘द अटॅक्स ऑफ २६/११’ मध्ये हा प्रसंग आहे. त्या चित्रपटात सर्वाधिक अंतर्मुख करणारा क्षण तोच आहे.

ओंबळे यांच्या बलिदानाचा खरा अर्थ पुढच्या चार वर्षांत उलगडला. कसाब जिवंत हाती लागला, म्हणून खटला उभा राहिला. त्याला वकील मिळाला, साक्षी झाल्या, पुरावे तपासले गेले. ६ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने फाशी सुनावली, २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. पाकिस्तानचा हात जगासमोर आला, तो या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कायदेशीर प्रक्रियेमुळे. पंच, न्यायवैद्यक तज्ज्ञ, तपास अधिकारी, सरकारी वकील, टंकलेखक अशा शेकडो हातांचे ते काम होते.

याच्या उलट चित्र लोकल स्फोटांच्या खटल्यात दिसले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब ग्राह्य मानले गेले नाहीत, ओळखपरेडीतील दोष दाखवले गेले, जप्त वस्तू मोहोरबंद ठेवण्यातील ढिलाईवर बोट ठेवले गेले. त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत आधार म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात धाडले नाही. दोनशेच्या आसपास निरपराध जीव गेले आणि एकोणीस वर्षांनीही त्यांच्या आप्तांच्या हाती निश्चित उत्तर नाही. या निकालानंतर अनेकांना ‘अ वेन्सडे’तील त्या अनाम माणसाची आठवण झाली असेल. वस्तुतः आठवण व्हावयास हवी होती ती तुकाराम ओंबळे यांची. दहशतवादाला खरी जरब बसते, ती न्यायालयात टिकणाऱ्या पुराव्याने. तपासातील आडवाट गुन्हेगाराला सुटकेचा दरवाजा उघडून देते आणि निरपराधाला गजाआड ढकलण्याचा धोकाही तिच्यातच असतो. पडद्यावर टाळी मिळवणारी हीच आडवाट प्रत्यक्षात मृतांचा दुसऱ्यांदा अपमान करते.

सूड आणि आज्ञा

सीमेवरील कथांकडे वळले, की एकट्या नायकाचे आकर्षण आणखी वाढते. ११ जानेवारी २०१९ रोजी आलेल्या ‘उरी’ने देशभर उत्साहाची लाट आणली. दिग्दर्शक आदित्य धर आणि अभिनेता विकी कौशल या दोघांनाही त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. चित्रपट नेटका आहे, सैनिकी हालचाली विश्वासार्ह आहेत आणि हुतात्मा अधिकाऱ्याची चिमुरडी अंत्यसंस्काराच्या वेळी रेजिमेंटची युद्धघोषणा देते, तो प्रसंग पाहताना डोळे कोरडे राहत नाहीत. जानेवारी २०१५ मध्ये काश्मीरमध्ये धारातीर्थी पडलेल्या कर्नल मुनींद्रनाथ राय यांना त्यांच्या मुलीने असाच निरोप दिला होता, याची त्यामुळे आठवण होते.

परंतु पटकथेने एक सोपी वाट धरली. नायक मेजर विहान याचा मेहुणाच उरीच्या हल्ल्यात मारला जातो आणि मग सीमापार कारवाई ही त्याच्या वैयक्तिक सुडाची गोष्ट होते. १८ सप्टेंबर २०१६ च्या त्या हल्ल्यात हुतात्मा झालेल्या जवानांत महाराष्ट्राचेही सुपुत्र होते. त्यांच्या वतीने सीमा ओलांडणाऱ्या सैनिकाला त्यांच्याशी सोयरीक असण्याची गरज नव्हती. गणवेश हीच सोयरीक. २९ सप्टेंबर २०१६ रोजी लष्करी कारवाई महासंचालक लेफ्टनंट जनरल रणबीर सिंग यांनी पत्रकार परिषदेत कारवाईची माहिती दिली. शब्द मोजके, स्वर शांत, विजयाचा आव कोठेही नाही. त्या संयमात जे सामर्थ्य होते, ते चित्रपटातल्या आरोळ्यांत उतरले नाही. सैनिक आज्ञेने लढतो. सुडाने लढणारा सैनिक राहत नाही. सूड आणि आज्ञा यांतील हे अंतर ज्या समाजाला कळत नाही, त्याला आपले सैन्य कळले असे म्हणता येत नाही.

या तुलनेत मेघना गुलजार यांचा ‘राज़ी’ अधिक खोल जातो. हरिंदर सिक्का यांच्या कादंबरीवर बेतलेला हा चित्रपट ११ मे २०१८ रोजी आला. १९७१ च्या युद्धाआधी वडिलांच्या शब्दाखातर पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्याच्या घरात सून म्हणून गेलेली काश्मिरी मुलगी सेहमत माहिती पाठवते, त्यापायी जिवे मारते, माया केलेल्या माणसांचा विश्वासघात करते आणि आतून मोडून परतते. शत्रूच्या घरातली माणसे राक्षस नाहीत, हे दाखवल्याबद्दल काहींनी या चित्रपटाला नावे ठेवली. ती टीका वरवरची होती. शत्रू राक्षस असता, तर सेहमतच्या त्यागाला किंमत ती काय राहिली असती? चांगल्या माणसांशी खोटे वागावे लागणे, हाच तिच्या कर्तव्याचा खरा भार आहे. शिवाय ही नायिका मुस्लीम आहे, याचाही विसर पडू नये. या भूमीला माता मानणाऱ्याला उपासनापद्धती विचारण्याचे कारण नाही, हे विचारपीठांवरून वारंवार सांगितले जाते; ‘राज़ी’ ते एका शब्दाने न सांगता दाखवतो.

‘धुरंधर’ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा आहे. अक्षय खन्ना यांचा रहमान डकैत थरकाप उडवतो. पार्श्वसंगीत आणि चित्रीकरण जागतिक दर्जाचे आहे. हिंसेचे प्रदर्शन मात्र अनेक ठिकाणी गरजेपेक्षा अधिक आहे. चित्रपटाला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आहे, याचा अर्थ लहान मुलांना घेऊन तो पाहावयाचा नाही, हे देशभक्तीच्या भरातही पालकांनी ध्यानात ठेवावयास हवे. त्याचे सर्वात प्रभावी क्षण मारधाडीचे नाहीत. मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी शत्रूच्या गोटात बसून, चेहऱ्यावरची रेघही न हलवता, आपल्या माणसांचा संहार पाहावा लागलेला हेर, हे दृश्य हजार गोळ्यांहून मोठे आहे. तेथे नायक काहीच करू शकत नाही आणि म्हणूनच तो खरा वाटतो.

फायलींची लढाई

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला ‘आर्टिकल ३७०’ या मालिकेत वेगळा उठून दिसतो. दिग्दर्शक आदित्य सुहास जांभळे हे गोव्याचे. ‘आबा ऐकताय ना?’ आणि ‘खरवस’ या त्यांच्या लघुपटांना याआधीच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले होते. चकमकींचा थरार या चित्रपटातही आहे. पण त्याचा कळस घडतो तो संसदेत. कलमाच्या शब्दांचा कीस, जुन्या दस्तऐवजांचा शोध, मतांची जुळवाजुळव, काश्मीरमधील सुरक्षेची आखणी या साऱ्यांतून तणाव निर्माण करण्याचे अवघड काम त्याने केले. यामी गौतम आणि प्रियामणी यांनी रंगवलेल्या दोन स्त्रिया, एक मैदानात आणि एक कार्यालयात, परस्परांवाचून अपुऱ्या आहेत. एकाने सारे करावयाचे नसते, हे मारधाडपटाच्या चौकटीत सांगणारा हा विरळा प्रयत्न.

त्यातही उणिवा आहेत. विरोधी बाजूचे राजकारणी व्यंगचित्रासारखे रंगवले आहेत. ५ ऑगस्ट २०१९ चा निर्णय ज्यांना पटला नाही, त्यांचाही काही घटनात्मक युक्तिवाद होता. ११ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने विशेष दर्जा रद्द करण्याचा निर्णय वैध ठरवला. मात्र कलम ३६७ मध्ये बदल करून घेतलेला वळसा ग्राह्य मानला नाही. अंतिम निर्णय योग्य असतानाही मार्गाची छाननी होते, यातच प्रजासत्ताकाचे आरोग्य आहे. प्रतिपक्ष बावळट दाखवला, की आपल्या विजयाचे वजन आपणच कमी करतो, हे आपल्या बाजूच्या पटकथाकारांनी जाणून घ्यावे.

छत्रपतींनंतरची अठरा वर्षे

आता मराठी मनाच्या सर्वात हळव्या विषयाकडे येणे प्राप्त आहे. लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाने छत्रपती संभाजी महाराजांचे नाव देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचवले, हे त्याचे ऋण नाकारता येणार नाही. शेवटच्या दृश्यांनंतर चित्रपटगृहांतून हुंदके ऐकू आले, ते खरे होते. परंतु चित्रपट रडवतो, तितका उलगडून दाखवत नाही. ‘बुधभूषण’ लिहिणारा संस्कृतज्ञ राजा, मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा अनेक शत्रूंशी एकाच वेळी झुंजणारा सेनानी, राज्यकारभार पाहणारा प्रशासक हे पैलू तलवारींच्या खणखणाटात मागे पडले.

चित्रपटावर आक्षेप आले, तेही परक्यांचे नव्हते. महाराज लेझीम खेळतानाचे दृश्य लोकभावना पाहून वगळावे लागले. फितुरीच्या चित्रणावरून शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकांनी त्यांची क्षमा मागितली. या दुसऱ्या प्रकरणात एक गहन प्रश्न दडला आहे. एकटा नायक असला, की कथेला एकटा फितूरही लागतो. महाराज पकडले गेले, ते कोणा एकामुळे, असे म्हटले की उरलेल्या साऱ्यांची सुटका होते. कोल्हापूरकडून अवघड वाटांनी मुकर्रबखानाने केलेली वेगवान चाल, संगमेश्वरी महाराजांजवळ असलेली अपुरी फौज, दरबारातील जुने कलह, वतनांचा लोभ या कारणांचा विचार मग करावा लागत नाही. फितुराला शिव्या देऊन समाज आत्मपरीक्षणातून मोकळा होतो.

आणि बलिदानापाशी थांबलेली कथा पराक्रमाचा दुसरा अर्धा भाग सांगतच नाही. ११ मार्च १६८९ रोजी महाराजांची क्रूर हत्या झाली. राजा गेला, त्याच वर्षी राजधानी रायगड पडली. औरंगजेबाच्या हिशेबाने युद्ध संपावयास हवे होते. ते आणखी अठरा वर्षे चालले. महाराणी येसूबाईंनी आपल्या सात वर्षांच्या शाहूचा हक्क पुढे न करता राजाराम महाराजांना गडाबाहेर पडण्याचा सल्ला दिला आणि स्वतः मुलासह शत्रूच्या कैदेत गेल्या. राजाराम महाराज जिंजीला पोहोचले. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण यांनी कारभार सावरला. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगली फौजांची झोप उडवली. १७०० मध्ये राजाराम महाराजही गेले, तेव्हा ताराराणींनी सूत्रे हाती घेतली. अखेर १७०७ मध्ये औरंगजेबच आजच्या अहिल्यानगरजवळ दक्षिणेच्या मातीत संपला. येसूबाईंची सुटका व्हावयास १७१९ साल उजाडले.

जगाच्या इतिहासात याहून मोठे नाट्य शोधावे लागेल. राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही. तरीही माणसे लढत राहिली, कारण शिवछत्रपतींनी केवळ राज्य उभारले नव्हते, माणसे उभी केली होती. संभाजी महाराजांच्या बलिदानाचे मोल डोळ्यांतल्या पाण्याने कळत नाही. त्या बलिदानानंतर एकही हात थांबला नाही, यातून ते कळते. ही अठरा वर्षे त्याच भव्यतेने रुपेरी पडद्यावर आली, तर तिथे एक नायक सापडणार नाही, शेकडो सापडतील. अशा कथेला पटकथा लिहिणे अवघड आहे खरे. पण अवघड आहे म्हणूनच ते करण्याजोगे आहे.

अनेकांचा चित्रपट

अनेकांच्या हातून एक चित्रपट कसा घडतो, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. सुधीर फडके यांनी स्वातंत्र्यवीर सावरकरांवरील चित्रपटाचा ध्यास घेतला आणि त्यासाठी समाजाकडे हात पसरला. कोणी मोठी रक्कम दिली, कोणी निवृत्तिवेतनातून थोडके दिले. अनेक अडचणी पार करून वेद राही यांच्या दिग्दर्शनाखाली ‘वीर सावरकर’ २००१ मध्ये पडद्यावर आला. पुढच्याच वर्षी बाबूजींनी जगाचा निरोप घेतला. तंत्राच्या आजच्या कसोटीवर तो चित्रपट साधा वाटेल. २०२४ मध्ये रणदीप हुडा यांनी त्याच विषयावर केलेला चित्रपट दृश्यरूपाने अधिक प्रखर आहे, यात शंका नाही. परंतु पहिल्या चित्रपटामागे हजारो अनामिकांचा विश्वास उभा होता. तिकीट काढून टाळी वाजवणारा प्रेक्षक आणि वर्गणी देऊन चित्रपट घडवणारा समाज यांत जे अंतर आहे, तेच जमाव आणि संघटन यांत आहे.

१९२५ साली विजयादशमीला नागपुरात सुरू झालेल्या कार्याने २०२५ मध्ये शताब्दी गाठली. त्या कार्याच्या उभारणीत डॉ. हेडगेवार यांनी कोणा व्यक्तीला नव्हे, तर भगव्या ध्वजाला गुरुस्थानी मानले. व्यक्ती स्खलनशील असते, व्यक्ती जाते. तत्त्व आणि त्याभोवती जुळलेली माणसे राहतात, हा त्यामागचा विचार होता. या परंपरेत वाढलेल्या घरांनी तरी पडद्यावरच्या एकट्या नायकाकडे थोड्या अंतरावरून पाहावयास हवे.

चित्रपट पाहू नयेत, असा याचा अर्थ नाही. ते अवश्य पाहावेत, मुलांच्या वयाला शोभतील ते मुलांसह पाहावेत, चांगल्याला मनमोकळी दाद द्यावी. मात्र दिवे लागल्यावर घरात दोन प्रश्न विचारले जावेत. या नायकाच्या मागे कोण उभे होते, ज्यांना पटकथेने नाव दिले नाही? आणि त्या अनामिकांतील कोणते काम आपल्या वाट्याला येण्याजोगे आहे? पहिल्या प्रश्नाने इतिहास कळतो, दुसऱ्याने कर्तव्य. चित्रपटगृहात घोषणा देणारा तरुण सोमवारी सकाळी साक्षीदार म्हणून न्यायालयात उभा राहण्यास तयार असेल, वस्तीवरच्या अभ्यासिकेत दोन तास देत असेल, रक्तदानाच्या रांगेत दिसत असेल, तर त्याच्या घोषणेला अर्थ आहे. गिरगावच्या नाकाबंदीवर त्या रात्री जे उभे होते, ते कोणाची टाळी ऐकण्यासाठी उभे नव्हते. त्यांची पाळी होती, म्हणून उभे होते.